मोर्चा कोठे बांधावा : गोवळकोंड्याचा वेढा आणि युद्धखेळातील न्याय

(हैदराबाद येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संतवाङ्मयापासून निजामी अमदानीतील जमाबंदीपर्यंत अनेक गंभीर विषयांचे विवेचन ज्या व्यासपीठावरून होत आले, त्यावरून संगणकावरील युद्धखेळांत खेळाडूंनी रचावयाच्या तोफांच्या मोर्च्यांविषयी कोणी तासभर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना औचित्यास सोडून वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु ज्या शहरात तोफा ओतण्याच्या कारखान्यावरून एक अख्खा मोहल्ला आजही ‘गनफाउंड्री’ म्हणून ओळखला जातो, ज्याच्या पश्चिमेस अवघ्या काही कोसांवर हिंदुस्थानातील एका अत्यंत चिवट वेढ्याची साक्ष देणारे बुरूज उभे आहेत, आणि ज्या शहरात ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’सारख्या जगड्व्याळ खेळ-कंपनीच्या कचेरीत आपलीच मुले नोकरीस जातात, त्या शहरात हा विषय परका नाही. तोफ कोठे मांडावी, तिला किती बळ द्यावे आणि त्या बळाची किंमत कोणाकडून कशी वसूल करावी, हे प्रश्न कुतुबशाही तोफखान्याच्या प्रमुखापुढे होते तेच आज पडद्यापुढे बसलेल्या खेळरचनाकारापुढे आहेत.

ज्यांचा या खेळांशी परिचय नाही त्यांच्यासाठी प्रथम विषयाची मांडणी करतो. अशा खेळात दोन पक्ष असतात. कोठे एका पक्षात बारा गडी, कोठे बत्तीस, तर ‘हेल लेट लूज’ या दुसऱ्या महायुद्धावरील खेळात पन्नासांविरुद्ध पन्नास. प्रत्येक गडी म्हणजे आपापल्या घरी बसलेला एकेक खराखुरा माणूस असतो. त्याला पडद्यावर मरण आले तरी काही क्षणांनी तो पुन्हा उभा राहतो, आणि नेमून दिलेली ठाणी जिंकणे वा राखणे हे त्याचे उद्दिष्ट असते. अशा गड्याच्या हाती रचनाकार जेव्हा बंदुकीबरोबर फावडे किंवा हातोडा देतो, वाळूची पोती रचून तेथे मशीनगन बसविण्याची, रणगाडाविरोधी तोफ उभी करण्याची किंवा उखळी तोफ मांडण्याची मुभा देतो, तेव्हा खेळाला एक नवे परिमाण येते आणि त्याबरोबर एक नवे संकटही येते. मोर्चा फार समर्थ असला तर जो तो त्याच्या आडोशाला जाऊन बसतो आणि चढाई करणाऱ्याचा जीव मेटाकुटीस येतो. तो दुबळा असला तर फावड्याला कोणी हात लावीत नाही आणि रचनाकाराचे सारे परिश्रम मातीस मिळतात. या दोन टोकांमधील योग्य बिंदू शोधणे, यालाच त्या क्षेत्रातील लोक ‘बॅलन्सिंग’ म्हणतात.

हा बिंदू शोधताना रचनाकाराचा हात बहुधा प्रथम एकाच ठिकाणी जातो, तो म्हणजे तोफेच्या माऱ्याचा आकडा. तक्रारी वाढल्या की तो आकडा खाली येतो, तोफ ओसाड पडली की पुन्हा वर जातो, आणि हा झोका वर्षानुवर्षे चालू राहतो. माझे आजचे प्रतिपादन असे आहे की, मोर्च्याचा न्याय माऱ्याच्या आकड्यावर ठरत नसून तो जागा, कोन, रसद आणि वेळ या चार गोष्टींवर ठरतो. या चारही ठिकाणी मोर्चा बांधणाऱ्याकडून पुरती किंमत घ्यावी, आणि शत्रूसाठी त्याच्याकडे जाणारी एक तरी वाट उघडी ठेवावी, म्हणजे तोफ खुशाल प्रबळ ठेवता येते.

प्रथम जागेचा विचार करू. १६५६ साली दक्षिणेचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने गोवळकोंड्याला वेढा घातला, तेव्हा किल्ल्याची तटबंदी अभेद्य असूनही तिच्या ईशान्येस तटाबाहेर राहिलेली एक टेकडी हे तिचे मर्मस्थान ठरले, कारण त्या उंचवट्यावरून मोगलांना किल्ल्यावर मारा करता येत होता. शाहजहानच्या हुकुमाने तो वेढा उठला आणि तह झाला. परंतु कुतुबशाही सरकारने त्या अनुभवाचा बोध विसरू दिला नाही. ती टेकडीच नव्या तटाने वेढून किल्ल्यात घेण्यात आली, आणि तोच भाग आज ‘नया किला’ म्हणून ओळखला जातो. त्याच सुमारास मुसाखानाने उभारलेला मुसा बुरूज १६६६ मध्ये पूर्ण झाला. आजच्या खेळांत एखादी जागा अवाजवी बलिष्ठ ठरली की रचनाकार नकाशात फेरफार करून नवी आवृत्ती काढतो, ज्यास खेळाडू ‘पॅच’ म्हणतात. नया किला हा तसाच, दगडामातीने केलेला दुरुस्तीचा पॅच होय. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दुरुस्ती करणाऱ्याने शत्रूच्या तोफेविषयी काहीही केले नाही. तोफ जेथून समर्थ होत होती ती जागा त्याने बदलली.

हाच विचार आपल्या मराठी राजनीतीतही स्पष्टपणे आलेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गप्रकरणी असा दंडक सांगितला आहे की, गडाच्या माऱ्यात येणारा दुसरा पर्वत गडाजवळ असू नये. असलाच तर सुरुंग लावून तो कमी करावा, आणि ते शक्य नसेल तर तीही जागा बांधून आपल्या ताब्यात ठेवावी. या दंडकाच्या मागे प्रत्यक्ष अनुभव होता. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग व दिलेरखान यांनी पुरंदर घेण्यासाठी आधी शेजारचा वज्रगड घेतला आणि तेथे तोफा चढविल्या. पुढे १६७७ मध्ये शिवछत्रपती याच भागानगरात, म्हणजे हैदराबादेत, अबुल हसन कुतुबशहाच्या भेटीस आले, त्याच्याशी तह करून द्रव्याची व तोफखान्याची मदत घेऊन कर्नाटकात उतरले, आणि वेलोरच्या दुर्घट भुईकोटापुढे त्यांच्या माणसांनी तोच धडा शत्रूवर उलटविला. किल्ल्याशेजारच्या दोन टेकड्या बांधून काढण्यात आल्या, त्यांना साजरा व गोजरा अशी नावे दिली गेली, आणि तेथून मारा सुरू झाला. तरीही वेलोर हाती यावयास वर्षाहून अधिक काळ लागला. ते १६७८ मध्ये पडले. उत्तम जागेवरील मोर्चाही एका दिवसात निकाल लावीत नाही, आणि खेळातही तसे होता कामा नये.

दुसरी गोष्ट कोनाची. मराठवाड्यातील नळदुर्गाच्या उपळी बुरुजाच्या पायऱ्या शेकडो नसल्या तरी चढून जाताना दम लागेल एवढ्या निश्चित आहेत. वर गेल्यावर हत्ती तोफ व मगर तोफ या दोन दीर्घकाय तोफा दिसतात आणि चहूकडचा मुलूख नजरेच्या टप्प्यात येतो. परंतु तेथे उभे राहून खाली बुरुजाच्या पायथ्याकडे पाहावे, म्हणजे उंचीची दुसरी बाजू कळते. तोफेचे तोंड एका मर्यादेपलीकडे खाली वळत नाही. त्यामुळे दूरच्या शत्रूस जी तोफ यमस्वरूप, तिच्याच पायाशी येऊन पोचलेल्या शत्रूला ती स्पर्शही करू शकत नाही. ज्याने ही मृत जागा जपली तो खरा रचनाकार. मशीनगनच्या मोर्च्याला ठरावीक अंशांपुरतीच फिरण्याची मोकळीक असावी, तिच्या बगलेस आणि पाठीस उघडा भाग असावा, आणि गोळ्यांचा सतत मारा केल्यास नळी तापून काही काळ बंद पडावी. या तीन मर्यादा पाळल्या, तर समोरून येणाऱ्याला ती कितीही घातक असली तरी तक्रारीस जागा राहात नाही, कारण समोरून जाणे ही जाणाऱ्याची निवड ठरते.

तिसरी गोष्ट रसदेची, आणि येथे आपल्याला १६८७ च्या दुसऱ्या वेढ्याकडे वळावे लागते. आता बादशहा असलेला औरंगजेब त्या वर्षाच्या प्रारंभी स्वतः गोवळकोंड्यापुढे येऊन बसला आणि वेढा सुमारे आठ महिने चालला. पहिल्या हल्ल्यातच किल्ल्यावरील एका गोळ्याने मोगल सरदार कुलीजखान प्राणघातक जखमी झाला. पुढे ज्याच्या नातवाने येथे आसफजाही घराणे स्थापन केले तोच हा सरदार. मोगलांनी खंदकाकडे मोर्चे सरकविले, दमदमे उभारले, खंदक भरून काढण्यासाठी मातीची पोती लागणार म्हणून बादशहाने वजू करून पहिले पोते आपल्या हाताने शिवले, असे तत्कालीन वृत्तान्त सांगतात. एवढ्या निष्ठेने रचलेल्या मोर्च्यांची दशा काय झाली? पावसाळा लागला, मांजरेला पूर आला, छावणीत धान्याची टंचाई होऊन माणसे व जनावरे मरू लागली. आणि किल्ल्यात मात्र धान्य व दारूगोळा भरपूर होता. जून महिन्यात किल्ल्यातील लोकांनी बाहेर पडून मोगली मोर्च्यावर छापा घातला, तोफा निकामी केल्या आणि वरिष्ठ अंमलदार धरून नेले. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले, तर किल्ल्यातील लोकांनी त्यांचा सुगावा काढून आतून उलट खणती केली. परिणामी सुरुंगांचा स्फोट मोगलांच्याच अंगावर आला आणि तटाची हानी होण्याऐवजी हल्ल्यासाठी सज्ज असलेली त्यांची माणसे दगडधोंड्यांखाली गाडली गेली. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, या न्यायाने ज्या मोर्च्याच्या मागे रसद नाही त्याच्या तोफेची थोरवी व्यर्थ असते.

आधुनिक खेळांपैकी जे या तत्त्वाला जागले त्यांचे मोर्चे टिकाऊ ठरले. ‘स्क्वाड’ या खेळात तोफ वा मशीनगन मनास येईल तेथे उभी राहत नाही. आधी रेडिओ बसवून ठाणे स्थापावे लागते, त्या ठाण्याच्या परिसरातच बांधकाम करता येते, आणि बांधकामाचे साहित्य व दारूगोळा मालट्रकने वाहून आणावा लागतो. नायकाने जागा आखून दिल्यावर साथीदार फावड्यांनी ती उभी करतात. शत्रूस तोफेशी झुंजावयाचे नसेल तर तो ट्रकच्या वाटेवर दबा धरतो, किंवा रेडिओपर्यंत सरपटत जाऊन तोच उखडतो. रेडिओ गेला की ठाणे गेले, आणि त्याची झळ साऱ्या पक्षाच्या खात्यास लागते. ‘हेल लेट लूज’मध्ये रणगाडाविरोधी तोफेचा खर्च पक्षाच्या दारूगोळ्याच्या सामायिक साठ्यातून वजा होतो, ज्यातून सेनापतीला विमानांची बाँबफेकही करावयाची असते, म्हणून तोफ मांडणारा गडी आपल्याच सेनापतीच्या तिजोरीत हात घालीत असतो. ‘फॉक्सहोल’ने तर याची परिसीमा गाठली आहे: तेथे प्रत्येक गोळा कोणी तरी खेळाडू खाणीतून कच्चा माल काढून, कारखान्यात घडवून, गाडीतून आघाडीवर पोचवितो, आणि युद्ध आठवडेच्या आठवडे चालते. या तिन्ही खेळांत मोर्च्याचे बळ मोर्च्यात नसून त्याच्यामागील लांब वाटेत आहे, आणि वाट म्हटली की ती तोडताही येते.

चौथी गोष्ट वेळेची. येथे ‘टीम फोर्ट्रेस टू’ या २००७ च्या खेळातील स्वयंचलित तोफ जवळून पाहण्यासारखी आहे. तो खेळ वास्तववादी युद्धाचा नाही, परंतु तोफेचा हिशेब त्याने फार चोख ठेवला आहे. इंजिनियर हा गडी प्रथम १३० माप धातू खर्च करून पहिल्या दर्जाची तोफ बसवितो; ती दुसऱ्या व तिसऱ्या दर्जास नेण्यासाठी प्रत्येकी २०० माप धातू लागतो; आणि त्याच्या अंगावर एका वेळी २०० मापांपेक्षा अधिक धातू राहत नाही. म्हणजे पूर्ण तोफेचा ५३० मापांचा खर्च भागविण्यास त्याला खेपा घालाव्या लागतात वा पुरवठ्याजवळ बसून राहावे लागते, आणि या अवधीत तोफ कच्ची असते. पूर्ण झालेली तोफ नेम चुकविणे जाणत नाही, समोर आलेल्या एकट्या गड्याचा क्षणात निकाल लावते. पण तिच्या टप्प्यापलीकडून लांब पल्ल्याची बंदूक तिला टिपू शकते, वेषांतर करून आलेला हेर तिला यंत्र लावून बंद पाडू शकतो, आणि वैद्याने दिलेल्या आठ सेकंदांच्या अभेद्यतेच्या जोरावर एक गडी तिच्या तोंडातून आरपार जाऊ शकतो. २०१० मध्ये इंजिनियरला उभी तोफ उचलून अन्यत्र नेण्याची मुभा मिळाली. परंतु तोफ खांद्यावर असेतो त्याला लढता येत नाही, अशी अट त्याच वेळी घालण्यात आली. सवलत देताना तिची किंमत त्याच कलमात लिहून टाकण्याचा हा शिरस्ता अनुकरणीय आहे.

वेळेच्या बाबतीत एक सूक्ष्म धोका आहे, तो सांगितलाच पाहिजे. जो पक्ष जिंकत असतो त्याला बांधकामास उसंत मिळते, आणि जो हरत असतो त्याला ती मिळत नाही. त्यामुळे ज्याचे पारडे आधीच जड त्याच्याच पारड्यात आणखी वजन पडत जाते. यावर उपाय एकच, मोर्चा मोडण्यास लागणारा वेळ तो बांधण्यास लागणाऱ्या वेळेहून पुष्कळच कमी ठेवणे, मात्र मोडणाऱ्याला जवळ येण्याचा धोका पत्करावयास लावणे. हिशेबाची एक साधी कसोटी मी सुचवितो. समजा, एक गोलंदाज आणि एक रसद वाहणारा असे दोन गडी एका मोर्च्यात गुंतले. त्यांनी शत्रूचे तीन गडी काही काळ अडकवून ठेवले, तर त्यांचा व्यवहार किफायतीचा झाला. तेच दोन गडी दहांना सबंध डावभर रोखून धरू लागले, तर तो मोर्चा अन्यायकारक होय. आणि दोघांनी मिळून एकासही रोखले नाही, तर तो निरर्थक होय. कोणत्याही मोर्च्याचे मूल्य हे त्याने पाडलेल्या मुडद्यांच्या संख्येवर जोखू नये. शत्रूचे किती गडी, किती काळ गुंतले यावर जोखावे.

आता जागा खेळाडूने ठरवावी की रचनाकाराने, या वादाकडे वळतो. २०१८ च्या ‘बॅटलफील्ड फाइव्ह’ने तटबंदीच्या जागा आधीच आखून ठेवल्या, खेळाडूला तेथे जाऊन हातोडा चालविणे एवढेच उरते, आणि ‘सपोर्ट’ वर्गाचा गडी ते काम इतरांहून त्वरेने करतो. यात रचनाकाराची सोय अशी की, प्रत्येक मोर्च्याची बगल कोठून उघडी आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. ‘स्क्वाड’ने जागेचे स्वातंत्र्य दिले आणि त्याचा बंदोबस्त रसदेच्या नियमांनी केला. माझ्या मते लहान नकाशावर व थोड्या गड्यांच्या खेळात पहिली पद्धत हितकर, आणि विस्तीर्ण मुलखावर दुसरी. कारण लहान नकाशावर एखाद्याने अशी जागा शोधून काढली की जिच्याकडे जाणारी वाटच नाही, तर साऱ्या डावाचा विचका होतो. विस्तीर्ण मुलखात मात्र अशी जागा सापडलीच, तर तिला वळसा घालून पुढे जाता येते.

येथे कोणी आक्षेप घेईल की, खऱ्या युद्धात न्याय नसतो, मग खेळातील युद्धात त्याची एवढी आस का? आक्षेप वजनदार आहे. गोवळकोंड्याचा शेवट पाहा. त्याच दुसऱ्या वेढ्यात मे महिन्यात मोगल सरदार फिरोजजंगाची माणसे रात्री शिड्या लावून चढू लागली ती एका कुत्र्याच्या भुंकण्याने उघडकीस आली, आणि ज्या तटावर एवढ्या तोफा होत्या तो त्या रात्री एका जागत्या जनावराने वाचविला. पुढे तोफा, सुरुंग, दमदमे सारे हरले तेव्हा बादशहाने किल्ल्याभोवती लाकडामातीची भिंत घालून आवकजावक बंद पाडली. आणि अखेर सप्टेंबर १६८७ मध्ये अब्दुल्ला पनी नावाच्या फितूर अफगाण सरदाराने रात्री दरवाजा उघडून मोगलांना आत घेतले. कुतुबशाही सरदार अब्दुर्रज्जाक लारी अंगभर जखमा झेलीत एकटा झुंजला, पण निकाल फिरला नाही. दोन्ही बाजूंचे मोर्चे इतके तुल्यबळ झाले होते की, कौशल्याने निकाल लागण्याची वाटच उरली नव्हती; तेव्हा निकाल लावावयास भूक आणि लाच पुढे आली. इतिहासाला आठ महिने थांबणे परवडते, खेळाडूला तासभरही परवडत नाही. चढाईची कोंडी झाली की तो डाव सोडून जातो, आणि रिकाम्या रणांगणावर तोफ कितीही वास्तववादी असली तरी ती कोणासाठी, हा प्रश्न उरतो. खेळातील न्याय म्हणजे हरणाऱ्यास आपण कोठे चुकलो हे कळणे आणि पुढच्या वेळी दुसरा मार्ग धरता येणे, एवढाच. त्याहून अधिक मी मागत नाही.

दुरुस्ती कशी करावी, याविषयी थोडक्यात सांगतो. मोर्च्याविषयी तक्रार आली तर प्रथम ती कोणत्या नकाशावरील, कोणत्या जागेची आहे हे पाहावे, कारण बहुधा दोष तोफेचा नसून त्या एका जागेचा असतो. त्यानंतर कोन आणि बगल तपासावी. मग रसदेचा भाव. मग बांधण्या-मोडण्याचा वेळ. आणि हे चारही उपाय थकले तरच माऱ्याच्या आकड्यास हात लावावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाही तर कोणत्या औषधाने गुण आला हे वैद्यासही कळत नाही. नवशिके आणि मुरलेले खेळाडू यांचा हिशेब वेगळा ठेवावा. नवशिक्यास जी तोफ अजिंक्य भासते ती मुरलेल्यास खेळणे वाटते, आणि एकाच सरासरीत दोघांना घातले तर दोघांवरही अन्याय होतो.

समोर बसलेल्या तरुणांना शेवटी एकच विनंती आहे. यांतील युद्धखेळ परक्या मुलखांच्या किंवा काल्पनिक नकाशांवर खेळले जातात. गोवळकोंडा, पुरंदर, वेलोर या वेढ्यांचा, त्यांतील खंदक, सुरुंग, रसद आणि फितुरी यांच्यासह, मन लावून केलेला खेळ आपल्याकडे अजून व्हावयाचा आहे. तो करावयाचे कौशल्य या शहरात आहे आणि त्याची सामग्री बखरींत, फारसी तवारिखांत आणि आपल्या डोळ्यांसमोरच्या तटांत पडून आहे. तो करताना तोफ दुबळी करू नका. ती जबर ठेवा, तिची पूर्ण किंमत मांडणाऱ्याकडून घ्या, आणि प्रत्येक मोर्च्याकडे जाणारी एक वाट शत्रूसाठी राखून ठेवा.